लोणी वाहणाऱ्या जहाजाचं क्रूझ जहाज होतं तेव्हा

नंदगडहून एका मुलाने विचारलं आहे. मेकॅनिकल डिप्लोमा झालेला, बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये लेथ-बोरिंगवर हात बसलेला मुलगा आहे. आता एका छोट्या क्रूझ जहाजावर इंजिन फिटर म्हणून जायची बोलणी चालू आहेत. जहाजाची जुनी माहिती शोधली तेव्हा कळलं, की ते मुळात मालवाहू म्हणून बांधलेलं होतं आणि मागाहून त्याचं प्रवासी जहाज केलं. हे घरी कळल्यापासून आई जाऊ नको म्हणते आणि बाबा विचारतात, "माल भरायच्या जहाजात माणसं कशी ठेवतात?" नवीन बांधायचं सोडून असं का करतात आणि असलं जहाज धोक्याचं असतं का, हे त्याचे स्वतःचे दोन प्रश्न.

मी मालवाहू जहाजांवर ज्युनियर इंजिनियर म्हणून लागलो आणि चीफ म्हणून निवृत्त झालो. मधली काही वर्षं प्रवासी जहाजांवर आणि गोदीत फेरबदल चालू असलेल्या जहाजांवर गेली. म्हणून आधी सरळ उत्तर देतो. मालवाहू जहाजाचं प्रवासी जहाज होऊ शकतं, चांगलं होऊ शकतं आणि कितीतरी वर्षं चालूही शकतं. ते पूर्वी काय वाहत होतं यावर धोका ठरत नाही. खालचं वजन वर नेताना हिशोब नीट झाला का, आणि नंतर प्रत्येक गोदीत पॅनेलं काढून मागचं पोलाद कुणी बघितलं का, या दोन गोष्टींवर तो ठरतो. मोघम सांगण्यापेक्षा एका जोडीची हकिकत सांगतो. तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत.

१९५५ साली ब्रिटनमध्ये पोर्ट लाइन या कंपनीसाठी दोन सारखी जहाजं बांधली गेली. 'पोर्ट सिडनी' टाइन नदीवरच्या वॉल्सेंडला, स्वान हंटरच्या गोदीत, आणि 'पोर्ट मेलबर्न' बेलफास्टला, हारलँड अँड वुल्फकडे. लांबी साधारण १६२ मीटर, दोन इंजिनं, दोन पंखे (जहाज पुढं ढकलणारे प्रोपेलर), वेग १७ नॉटच्या, म्हणजे ताशी एकतीस किलोमीटरच्या आसपास. काम होतं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून ब्रिटनला गोठवलेलं मटण, लोणी, चीज, फळं आणि लोकर आणायचं. जाताना यंत्रं, मोटारी, कापड, जे मिळेल ते. अशा जहाजांवर बारापर्यंत प्रवासीही घेत. बारा हा आकडा मुद्दाम लक्षात ठेव. बारापेक्षा जास्त प्रवासी घेतले की आंतरराष्ट्रीय नियमांत ते प्रवासी जहाज ठरतं आणि सगळे नियम बदलतात. तेरावा माणूस चढवायचा म्हटलं तरी आगीपासून ते लाइफबोटींपर्यंत सगळं नव्याने करावं लागतं.

या दोन्ही जहाजांचं आयुष्य धंद्याने बदललं, जहाजात दोष काहीच नव्हता. १९६९ पासून ऑस्ट्रेलिया-युरोप मार्गावर कंटेनर जहाजं धावू लागली. पूर्वी हमाल आणि क्रेन लावून मटणाचे तुकडे, लोण्याच्या पेट्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या कोठारात रचायला आठवडे जायचे. तेच काम कंटेनरमुळे दिवसांवर आलं. त्यात १९७३ च्या जानेवारीत ब्रिटन युरोपीय समुदायात जाणार हे ठरलं आणि न्यूझीलंडच्या लोण्या-मटणाला मिळणारी खास वागणूक आटणार हे दिसू लागलं. सतरा वर्षांची धडधाकट जहाजं एकाएकी निरुपयोगी ठरली. १९७२ मध्ये ग्रीक जहाजमालक जॉन कारास यांनी ती विकत घेतली. हेच गृहस्थ उत्तर ग्रीसमध्ये पोर्तो कारास हे मोठं पर्यटनस्थळ उभारत होते. सुरुवातीला या जहाजांच्या मोटारी नेणाऱ्या फेरीबोटी करायचं ठरलं, म्हणून नावं ठेवली 'अक्रोटिरी एक्स्प्रेस' आणि 'थेरिसोस एक्स्प्रेस'. मग बेत बदलला. ग्रीसमध्येच वरचा सगळा भाग कापून, आतलं रिकामं करून ती क्रूझ जहाजं म्हणून नव्याने उभी केली. 'पोर्ट सिडनी'चं 'डॅफ्नी' झालं, १९७५ ला पाण्यात उतरलं. 'पोर्ट मेलबर्न'चं 'डानाए', त्याच्या पुढच्या वर्षी. ग्रॉस टनेज दहा हजारांच्या आसपास होतं ते सोळा हजारांच्या घरात गेलं. हे टनेज वजनाचं नसतं, बंदिस्त जागेचं माप असतं. जहाज लांब झालं नाही, रुंद झालं नाही. सगळी वाढ वरच्या मजल्यांची. प्रवासी चार-पाचशे.

आता नवीन का नाही बांधलं? पैसे आणि वेळ, ही दोन कारणं कुणीही सांगेल. सांगाडा, इंजिनं, नांगर, सुकाणू, जनरेटर हे सगळं तयार मिळतं, आणि मोडीच्या भावाला जवळपास. पण प्रत्येक मालवाहू जहाज या कामाला चालत नाही, आणि हे आपल्या भागातल्या माणसाला चटकन समजेल. लोंढा-कॅसलरॉक मार्गे रेल्वेने खनिज मुरगावला जायचं आणि तिथून जहाजात भरलं जायचं. मुरगावला ती खनिजाची जहाजं बघितली असशील तर डोळ्यासमोर आण: पेटीसारखं बोजड अंग, एकच पंखा, मंद वेग आणि आत तळापासून वरपर्यंत मोकळे होल्ड. त्यात मजले नाहीत, चांगला वेग नाही, वीज जेमतेम. त्याचं क्रूझ जहाज करायला कुणी धजत नाही.

थंड माल नेणाऱ्या जहाजांचं तसं नसतं. लोणी खराब व्हायच्या आत पोचायला हवं म्हणून अंग निमुळतं आणि वेग चांगला. मटणाचा ढीग वरच्या वजनाने चेपू नये म्हणून होल्डमध्ये एकावर एक मजले आधीच घातलेले. शीतयंत्रं चालवायला जनरेटर ऐसपैस. दोन इंजिनं, म्हणजे एक बंद पडलं तरी जहाज आपल्या ताकदीवर बंदर गाठतं. दोन पंख्यांमुळे छोट्या बंदरात टगबोटीशिवाय वळवताही येतं, आणि क्रूझ जहाजाला रोज एका छोट्या बंदरात जायचं असतं. कारास यांनी नेमकी अशी जोडी हेरली, याला माझ्या मते धंद्याची नजर म्हणायची.

बाबांचा प्रश्न माणसं कशी ठेवतात हा. ट्रकच्या चासीवर स्लीपर कोचची बॉडी बांधताना जे होतं तेच इथं होतं. चासीला काही वाटत नाही, पण झोपायचे बर्थ वर गेले, वजन वर गेलं, की गाडी वळणावर वेगळी वागते. मालवाहू जहाजात हजारो टन माल तळाशी बसलेला असतो आणि तोच जहाजाला सरळ ठेवतो. तो माल कायमचा निघून गेला. त्याजागी आल्या केबिनी, हलक्या आणि पोकळ. वर मात्र पोलादाचे तीन-चार मजले, जेवणघर, पोहण्याचा तलाव, लाइफबोटींची रांग. गुरुत्वमध्य वर सरकला, आणि जहाज हलकं झाल्यामुळे पाण्यातून वर उठलं. पंख्याची पाती पाण्याबाहेर डोकावायला लागली तर इंजिन थरथरतं.

यावर उपाय म्हणजे तळाशी कायमचं वजन घालणं. होल्डच्या बुडाला काँक्रीट ओततात, बिडाच्या लगडी रचतात, पूर्वीच्या होल्डमध्ये गोड्या पाण्याच्या आणि इंधनाच्या टाक्या करतात. पाणी लागतंच, क्रूझवरचा माणूस दिवसाला दोन-अडीचशे लिटर सहज वापरतो. पण इथे तारतम्य लागतं. वजन कमी पडलं तर जहाज सावकाश कलतं आणि सावकाशच परत येतं, कलल्यावर क्षणभर तसंच राहतं. खलाशाच्या पोटात गोळा येतो तो तेव्हा. वजन जास्त झालं तर उलट: लाट आली की झटक्याने इकडून तिकडे. जहाज भक्कम असतं, पण प्रवासी आडवे पडतात, स्वयंपाकघरातली भांडी जागेवर राहत नाहीत. मालवाहू जहाजावरचे आम्ही पंधरा-वीस जण ते सोसतो. सुट्टीसाठी पैसे मोजलेला माणूस सोसत नाही.

हिशोब बरोबर आला का, हे शेवटी कागदावर ठरत नाही. प्रत्यक्ष जहाजावर चाचणी घेतात, इन्क्लायनिंग एक्स्पेरिमेंट म्हणतात. ती एकदा तरी जवळून बघावी. वारा पडलेली सकाळ निवडतात. जहाज धक्क्यापासून मोकळं, दोर सैल. टाक्या एकतर पूर्ण भरलेल्या नाहीतर पूर्ण रिकाम्या, कारण अर्धवट टाकीतलं पाणी हललं की आकडा फसवतो. जहाजात मोजकीच माणसं, आणि ज्याला जिथं उभं केलं त्याने तिथून हलायचं नाही. आत एका उंच जागेतून बारीक तारेला ओळंबा सोडलेला असतो, आपला गवंडी वापरतो तसलाच, फक्त कित्येक मीटर लांब. त्याचं टोकाचं वजन तेलाच्या किंवा पाण्याच्या बादलीत बुडवलेलं, झोके थांबावेत म्हणून. तारेमागे आडवी पट्टी, तिच्यावर पेन्सिलने खुणा. मग डेकवर मोजून आणलेली वजनं डावीकडून उजवीकडे सरकवतात. हजारो टनांचं जहाज अंशभर कलतं आणि तार पट्टीवर काही सेंटिमीटर सरकते. सर्व्हेअर वाकून खूण करतो. वजनं परत, खूण, पलीकडे, खूण. त्या खुणांवरून गुरुत्वमध्य कुठं आहे ते निघतं, आणि जहाजाला परवाना मिळणार की आणखी काँक्रीट ओतायचं ते ठरतं. लाखोंचं फर्निचर बसवून झालेलं असतं आणि सगळ्यांची नजर त्या तारेवर असते.

वजनानंतर भोकं. मालवाहू जहाजाच्या कुशीला खिडक्या नसतात. क्रूझला प्रत्येक केबिनला हव्यात. पाण्यावर तरंगणारं जहाज लाटांवर सारखं वाकत असतं, मध्ये उचललं जातं, टोकं लोंबतात, मग उलट. तो ताण सगळ्यात जास्त वरच्या डेकला आणि तळाला बसतो. प्लेटमध्ये चौकोनी भोक पाडलं तर तडा कोपऱ्यातूनच सुरू होतो. तू शाफ्टला पायरी काढताना फिलेट रेडियस, म्हणजे कोपऱ्याला गोलाई ठेवतोस, त्याचं कारण आणि जहाजाच्या खिडकीचे कोपरे गोल असण्याचं कारण एकच. जुन्या जहाजावर गेलास की मोठ्या दारांचे, खिडक्यांचे कोपरे आधी बघ. रंगाखाली केसासारखी रेघ, तिच्यातून गंजाचा तांबूस ओघळ दिसला तर सेकंड इंजिनियरला दाखव. भोकांच्या उलट, हॅचची, म्हणजे होल्डमध्ये माल उतरवायची डेकवरची मोठी तोंडं बंद करावी लागतात. तिथं नवी डेक प्लेट, नवे बीम. आणि होल्ड लांबलचक असतात म्हणून त्यांत नवे आडवे बल्कहेड, म्हणजे पोलादी भिंती घालतात, कुशीला भोक पडलं तरी पाणी एका भागातच अडावं म्हणून.

एक मजा तुझ्या लक्षात येईल. १९५० च्या दशकातल्या जहाजांचा डेक सपाट नसायचा; पुढं आणि मागं डौलाने वर चढलेला असायचा. त्यावर नवे मजले घातले तरी खालच्या मजल्यांवर तो चढ राहतो. पुढच्या टोकाच्या केबिनींकडे जाताना पॅसेज चढत जातो. नवख्याला वाटतं जहाज कललंय. जहाज आधी काय होतं ते पायांना असं कळतं.

आता तुझ्या कामाच्या जागेबद्दल. या जोडीत डॉक्सफर्ड या ब्रिटिश कंपनीची सहा सिलिंडरची दोन-दोन इंजिनं होती. हे इंजिन आता कुठल्याही जहाजावर मिळणार नाही, पण ते समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन, समोरासमोर. मध्ये इंधन पेटतं, एक खाली जातो, एक वर. सिलिंडर हेड नावाचा भागच नाही. वरच्या पिस्टनची ताकद दोन बाजूंच्या लांब रॉडनी खाली येते, म्हणून एका सिलिंडरला क्रँक तीन. ज्युनियर असताना एका मालवाहू जहाजावर मी असं इंजिन बघितलं. वरच्या ग्रेटिंगवर उभं राहिलं की आडवे बीम हातभर अंतरावर एकापाठोपाठ एक वर येतात आणि खाली जातात, कुठंही झाकलेले नाहीत, तेलाने चकाकणारे. हात लावून तापमान बघायची वेळ त्या तालात साधावी लागायची. दोन पिस्टन विरुद्ध दिशेला जात असल्यामुळे तोल चांगला, थरथर कमी. लोण्याला त्याचं काही नव्हतं. वर झोपलेल्या प्रवाशांना पुढं त्याचा फायदा झाला.

डॉक्सफर्डने १९८० साली इंजिनं बांधायचं बंद केलं. 'डॅफ्नी' त्यानंतरही तीस वर्षांवर चालली. जुन्या इंजिनाचे सुटे भाग असे बाजारात मिळत नाहीत. मोडीत गेलेल्या जहाजांतून काढून ठेवलेले भाग वापरतात, नाहीतर बनवून घेतात. व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातू) ओतलेली बेअरिंगं पुन्हा ओतायची, बोअर करायची, निळा रंग लावून, स्क्रेपरने खरडून बसवायची. तुझ्यासारख्या मुलाला जुन्या जहाजावर मान मिळतो तो यामुळे. नव्या जहाजावर भाग पेटीतून काढून बसवायचा असतो, जुन्यावर तो करावा लागतो. उद्यमबागेत हाताला जे वळण लागलंय ते घेऊन जा.

इंजिनापेक्षा क्रूझ जहाजाला वीज जास्त महत्त्वाची, हे मालवाहूवरून आलेल्यांना उशिरा उमगतं. २०१२ च्या फेब्रुवारीत 'कोस्टा अलेग्रा' या जहाजाच्या जनरेटर रूममध्ये सेशेल्सजवळ आग लागली. तेही मुळात १९६९ चं कंटेनर जहाज, नव्वदच्या सुमारास इटलीत क्रूझ जहाज केलेलं. आग विझली, कुणी दगावलं नाही, पण वीज गेली ती गेलीच. हजारावर माणसं, आणि ना एसी, ना गरम जेवण, ना चालू संडास. एका फ्रेंच मासेमारी बोटीने ते ओढत सेशेल्सच्या माहे बेटाला नेलं, तोवर लोक उकाड्यामुळे डेकवर झोपत होते. आग कुठल्याही जहाजाला लागू शकते, ती मालवाहू असल्यामुळे लागली असं मी म्हणणार नाही. पण क्रूझ जहाजावर इमर्जन्सी जनरेटर दर आठवड्याला खरोखर भार देऊन चालवतात की फक्त सुरू करून बंद करतात, यावर माझं सगळं मत ठरतं.

आगीबद्दल आणखी थोडं, कारण जुन्या जहाजांचं आयुष्य शेवटी तिथंच ठरलं. १९९२ च्या डिसेंबरात 'डानाए' जिनोआला दुरुस्तीसाठी असताना पेटलं. जहाज गोदीत असताना आगीचा धोका सगळ्यात मोठा असतो: जागोजाग वेल्डिंग, दारं उघडी, केबली टाकलेल्या, अग्निशमनाची लाइन दुरुस्तीसाठी बंद, आणि जहाजावर अर्धी माणसं बाहेरची. नुकसान इतकं झालं, की विम्याच्या हिशोबात ते पूर्ण बुडीत धरलं गेलं. तरी सांगाडा आणि इंजिनं वाचली होती. दुसऱ्या मालकांनी ते पुन्हा उभं केलं, आणि १९९६ पासून ते 'प्रिन्सेस डानाए' म्हणून परत धावू लागलं. पोलाद आणि कारागिरी मुळात किती चांगली होती ते यावरून कळतं.

त्याआधी १९९० मध्ये 'स्कँडिनेव्हियन स्टार' या फेरीबोटीवर आग लागून १५९ माणसं गेली. त्यानंतर प्रवासी जहाजांचे नियम कडक झाले. पूर्वी आतली पॅनेलं, फॉर्मायका लावलेलं लाकूड, सगळं जळणारं असायचं. मग स्प्रिंकलर, धुराचे सेन्सर, जमिनीलगत उजळणारे बाण टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले, आणि १ ऑक्टोबर २०१० पासून जळाऊ सामान वापरून बांधलेली जुनी प्रवासी जहाजं आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी बंदच झाली. कितीतरी देखण्या जहाजांचा शेवट या एका तारखेने केला. 'डूलोस' तुझ्या बाबांच्या पिढीला माहीत असेल, मुंबईला येणारं पुस्तकांचं जहाज. ते १९१४ साली अमेरिकेत 'मेडिना' नावाचं मालवाहू म्हणून बांधलं होतं, मग प्रवासी, मग क्रूझ, मग पुस्तकं. २००९ च्या अखेरीस ते थांबलं. आता इंडोनेशियाच्या बिंतान बेटावर जमिनीवर उभं, हॉटेल होऊन. मला तो नियम योग्य वाटतो. जहाज जुनं असल्याचं प्रेम मलाही आहे, पण रात्री दोन वाजता धुरात पॅसेज शोधणाऱ्या माणसाला त्या प्रेमाचा उपयोग नाही. तुझं जहाज आज चालू आहे आणि परदेशी बंदरांत जातं, म्हणजे या गाळणीतून ते गेलेलं असायला हवं.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर आलेलं 'आंग्रिया'. तेही नव्याने बांधलेलं नव्हतं. जपानमध्ये टोकियो आणि ओगासावारा बेटांच्या दरम्यान माणसं आणि माल दोन्ही नेणारं १९९७ चं जहाज होतं ते.

आता जुन्या लोखंडाबद्दल, म्हणजे आईच्या भीतीबद्दल. ती भीती खोटी नाही. थंड माल नेणाऱ्या जहाजात होल्डच्या भिंतींना आतून कॉर्क किंवा ग्लासवूल आणि त्यावर फळ्या असतात. मागे दमट हवा अडकते, पाणी साचतं आणि पोलाद सगळ्यांच्या नजरेआड गंजत बसतं. क्रूझ करताना तो थर काढून केबिनीची पॅनेलं लावली, की पुन्हा नजरेआड. बाहेरून पांढरा शुभ्र रंग, आत गालिचा, आणि मध्ये काय चाललंय ते फक्त अल्ट्रासॉनिक गेजलाच दिसतं. त्याची टोक असलेली कांडी प्लेटला लावली की मिलिमीटर दिसतात. मूळ जाडीच्या किती टक्के गेली यावरून क्लासचा (जहाजाची मजबुती तपासून दाखला देणाऱ्या संस्थेचा) सर्व्हेअर प्लेट बदलायला सांगतो. गेज नसेल तेव्हा आम्ही चिपिंग हातोडीने ठोकून बघायचो. सुदृढ प्लेट खणखणते, खाल्लेली बद्द वाजते.

'डानाए'चा शेवट इथंच झाला. २०१३ मध्ये पोर्तुगालच्या एका कंपनीने ते विकत घेऊन 'लिझबोआ' नाव दिलं आणि दुरुस्तीला काढलं. पॅनेलं उघडली तसं बदलावं लागणारं पोलाद अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघालं. खर्चाचा मेळ बसेना, काम थांबलं, आणि २०१५ मध्ये तुर्कस्तानातल्या अलियागाला ते तोडलं गेलं. साठ वर्षं झाली होती.

'डॅफ्नी'ची गोष्ट मला जास्त लागते, कारण ती जहाजाची कमी आणि माणसांची जास्त आहे. मधल्या काळात 'स्वित्झर्लंड', 'ओशन ओडिसी', 'ओशन मोनार्क' अशी नावं फिरून २००८ पासून ती 'प्रिन्सेस डॅफ्नी' झाली, जुन्या बहिणीच्याच कंपनीत. २०१२ च्या उत्तरार्धात ती कंपनी डबघाईला आली आणि तिची जहाजं ठिकठिकाणच्या बंदरांत थकबाकीपोटी अडकवली गेली. 'डॅफ्नी' ग्रीसच्या क्रीट बेटाजवळ सूडा उपसागरात अडकली. त्या उपसागराच्या उत्तरेला जे द्वीपकल्प आहे त्याचं नाव अक्रोटिरी. चाळीस वर्षांपूर्वी तिला दिलेलं तेच. २०१४ मध्ये ती गुजरातला अलंगच्या किनाऱ्यावर चढवली गेली. अलंगहून त्रापजकडे जाणाऱ्या रस्त्यावर जहाजांतून निघालेले पलंग, दारं, लाइफ जॅकेटं, भांडी यांची दुकानं लागतात. जहाजांच्या प्लेटा तापवून, लाटून सळ्या होतात.

जहाज अडकवलं जातं तेव्हा प्रवासी विमानाने घरी जातात, पण खलाशी तसाच राहतो. पगार थकलेला, जेवणाचा साठा उतरत चाललेला, आणि जहाज सोडावं तर हक्क जाईल ही भीती. म्हणून आईला सांग, की जहाज बुडेल का यापेक्षा मालक बुडेल का याची चौकशी जास्त करायला मी सांगितलंय. मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुरुस्तीनुसार जानेवारी २०१७ पासून मालकाला खलाशांसाठी आर्थिक हमी ठेवावी लागते. जहाज वाऱ्यावर सोडलं तर परतीचं तिकीट आणि चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार त्यातून निघतो. त्याचं सर्टिफिकेट जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असायला हवं. एजंटाला आधीच विचार, त्याची प्रत माग. देत नसेल तर पुढं बोलू नको.

एजंटाबद्दलही सांगतो. डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचा, खलाशी भरतीचा आरपीएसएल परवाना असलेल्या एजंटामार्फतच जा, आणि परवाना चालू आहे का ते डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर स्वतः बघ. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला नियमाने बंदी आहे. निपाणी, चिकोडीकडची आणि आपल्या खानापूरचीही मुलं जमीन गहाण टाकून असे पैसे देताना मी बघितली आहेत. समुद्र लांब असलेल्या गावात या धंद्याचं खरं-खोटं सांगणारं शेजारी कुणी नसतं. 'सर्व्हिस चार्ज' म्हणा की 'डॉक्युमेंट फी', लाखभर रुपये मागितले की उठून ये. प्रवासी जहाजासाठी बेसिक सेफ्टीशिवाय गर्दी सांभाळण्याचा छोटा कोर्सही लागतो, तो मान्यताप्राप्त संस्थेतूनच कर.

जहाजाची चौकशी नावावरून करू नको. नाव, झेंडा, मालक सगळं बदलतं. सात आकडी आयएमओ नंबर (जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) सांगाड्याबरोबर शेवटपर्यंत राहतो. इक्वासिस नावाच्या मोफत संकेतस्थळावर तो टाकला की बांधणीचं साल, क्लास कुठला आणि गेल्या काही वर्षांत कुठल्या बंदरात तपासणीत काय त्रुटी निघाल्या ते दिसतं. एखादी त्रुटी प्रत्येकाची निघते. फायर डोअर, इमर्जन्सी जनरेटर, लाइफबोटीचं इंजिन आणि पगार, या चारांपैकी तीच ती त्रुटी वेगवेगळ्या बंदरांत पुन्हापुन्हा आली असेल तर ते जहाज घेऊ नको, कितीही पगार देत असले तरी. क्लास अलीकडे बदललाय का तेही बघ. नावाजलेल्या क्लासमधून निघून अनोळखी क्लासमध्ये गेलेलं जहाज बहुतेक वेळा प्लेटा बदलायचा खर्च चुकवत असतं.

तू नंबर पाठवलेला नाहीस, फक्त नाव दिलंयस. एजंटाकडून नंबर घे आणि इक्वासिसवरचं पान काढून ठेव. बाबा बेळगावला बाजाराला येणार असतील त्या दिवशी दोघेही शहापूरला घरी या. ते पान समोर ठेवून एकेक ओळ वाचू, आणि आईला काय सांगायचं तेही ठरवू.